आडवा वारा आणि सात मीटरचा रस्ता

मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून खाली येणारी विमानं बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. या किनाऱ्यावर वर्षातला बराच काळ वारा समुद्राकडून येतो आणि उतरणाऱ्या विमानाला वारा समोरून हवा असतो. त्याच दुपारी, त्याच वाऱ्यात, तिथून काही किलोमीटरवर मढच्या रस्त्याने सायकल चालवणाऱ्याला मात्र तो कुशीतून लागतो. याचं कारण नकाशात दिसतं. मालाडहून मार्वे रोड समुद्राच्या दिशेने जातो. मार्व्याजवळ डावीकडे वळलं की रस्ता दक्षिणेला लागतो आणि अक्सा, दाणापाणी, एरंगळ करत मढ गावात, पुढे वेसाव्याच्या होड्या सुटतात त्या जेट्टीपर्यंत पोचतो. उजवीकडे अरबी समुद्र, डावीकडे मालाडची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या जमिनीवर हा उत्तर-दक्षिण रस्ता. पश्चिमेच्या वाऱ्याला तो आडवा पडतो.

एरवी सायकलच्या शर्यतीची चर्चा चढाची असते. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. सपाट रस्त्यावरच्या वाऱ्यासाठी असा किताब नाही. पण शर्यतीचे तुकडे करण्यात आडवा वारा घाटाला हार जात नाही, आणि त्याची तऱ्हाही वेगळी. घाटात ज्याचे पाय कमी पडतात तो मागे राहतो. आडव्या वाऱ्यात चांगल्या पायांचा माणूसही केवळ चुकीच्या जागी असल्यामुळे मागे राहतो.

वारा कधी येतो

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे मढच्या रस्त्यावर रोज भेटतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि पहाटे हवा जमिनीकडून समुद्राकडे जाते. हा मतलई वारा बहुधा मंद असतो. दिवस चढला की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. हिवाळ्यात हा बदल साधारण दुपारच्या सुमाराला होतो, मार्च ते मे या काळात त्याआधी. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात हे खारं वारं दिवसभरात हळूहळू उजवीकडे वळतं. म्हणून मुंबईत सुरुवातीला पश्चिमेचा असलेला वारा दुपार टळताना वायव्येचा झालेला असतो. पावसाळ्यात हे वेळापत्रकच मोडतं. नैऋत्येचा आणि पश्चिमेचा वारा तेव्हा रात्रंदिवस वाहतो आणि सरींबरोबर झोताने येतो.

त्यामुळे इथला वारा मंदच असतो, असा हौशी सायकलस्वारांचा गैरसमज होतो. उपनगरांतले ग्रुप उजाडण्याआधी निघतात आणि रहदारी वाढायच्या आत घरी परततात. शर्यतीही त्याच वेळेला ठेवतात, कारण रस्ता तेव्हाच मोकळा मिळतो. म्हणजे वर्षानुवर्षं सायकल चालवूनही अनेकांनी खरा वारा अंगावर घेतलेलाच नसतो. मग एखाद्या शर्यतीची सुरुवात लांबते, अंतर मोठं असतं, शेवटचे तीस किलोमीटर दुपारात जातात, आणि सकाळच्या सरावात कधीच न दिसलेला प्रतिस्पर्धी समोर उभा राहतो.

हवामानाच्या अंदाजातला आकडाही नीट वाचावा लागतो. वाऱ्याचा वेग जमिनीपासून दहा मीटर उंचीवर मोजायचा संकेत आहे. सायकलस्वाराचं डोकं दीड मीटरवर असतं. जमिनीच्या घर्षणामुळे तिथे वारा कमी असतो. उघड्या मैदानावर दहा मीटरवरच्या वेगाच्या साधारण दोनतृतीयांश धरला तर फार चुकत नाही. अंदाजात ताशी २७ किलोमीटर असेल, तर अंगाला लागणारा वारा १८च्या आसपास. आकडा हाताशी नसेल तर झाडं बघावीत. फ्रान्सिस ब्यूफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५च्या सुमारास वाऱ्याची जी श्रेणी तयार केली, तिला पुढे जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या. चौथ्या श्रेणीत, म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटरला, धूळ उडते आणि बारीक फांद्या हलतात. पाचवीत, २९ ते ३८ला, पानांनी भरलेली लहान झाडं डोलू लागतात. सहावीत, ३९ ते ४९ला, छत्री सांभाळणं कठीण होतं. छत्री उलटते त्या दिवशी ग्रुपने शर्यत लावू नये, हा नियम कोणत्याही ॲपशिवाय पाळता येतो.

कुशीतला वारा पुढूनही ओढतो

आडवा वारा बाजूने ढकलतो हे कुणीही सांगेल. तो पुढे जाण्यालाही अडवतो, हे सहसा लक्षात येत नाही. वारा बरोबर काटकोनात आहे, समोरून नाही आणि मागूनही नाही, मग वेग का पडावा?

सायकलस्वार ताशी ३६ किलोमीटरने जातोय, म्हणजे सेकंदाला १० मीटर. हवा शांत असली तरी त्याला तेवढाच वारा समोरून जाणवतो. आता बाजूने ताशी १८ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला ५ मीटरचा वारा आला. दोन्ही मिळून त्याच्या अंगावर येणारा वारा तिरका होतो. त्याची दिशा समोरच्या रेषेपासून सुमारे २७ अंश कलते आणि वेग सेकंदाला ११.२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४० किलोमीटर होतो. हवेचा विरोध या एकूण वेगावर ठरतो. त्याचा मागे ओढणारा भाग काढला, तर शांत हवेपेक्षा तो सुमारे १२ टक्क्यांनी जास्त निघतो.

वॉटमध्ये बघू. सायकलसकट ८५ किलो वजन, साधारण बसण्याची ढब, समुद्रसपाटीवरची उबदार हवा असा ढोबळ हिशेब धरला, तर ताशी ३६ला हवा कापायला सुमारे २०५ वॉट आणि टायर-रस्त्याच्या घर्षणाला सुमारे ४२ वॉट लागतात. एकूण २४७. काटकोनातल्या त्या वाऱ्यात हाच आकडा २७१ होतो. जाताजाता एक गोष्ट सांगून ठेवावी: मुंबईची हवा दमट म्हणून जड, असं अनेक जण म्हणतात, ते खरं नाही. पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो, त्यामुळे त्याच तापमानाला दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित विरळ असते. दमटपणा छळतो तो घाम वाळू न देऊन.

आता दुपारचा वायव्येचा वारा घेऊ. मार्व्याहून मढकडे जाताना तो उजव्या खांद्यामागून येतो, परतताना डाव्या गालावर. तोच १८चा वारा आणि तेच २७१ वॉट धरले, तर जाताना वेग सुमारे ४५ येतो आणि येताना २९. दहा-दहा किलोमीटरचे दोन टप्पे धरले, तर शांत हवेपेक्षा एकूण वेळ दोनेक मिनिटांनी जास्त लागतो. जाताना मिळालेल्यातून येतानाचा तोटा भरून निघत नाही, कारण विरोधी वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो. हौशी शर्यतीत पहिल्या टप्प्यात ‘आज पाय चांगले आहेत’ असं वाटून जोर लावणारे परतीच्या वाटेवर का संपतात, याचं उत्तर इथे आहे.

तिरकी फळी

सायकलच्या शर्यतीत दुसऱ्याच्या आडोशाला राहणं हा अर्धा खेळ. एकाच्या मागे चाकाला चाक लावून चाललं की हवेचा विरोध साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी होतो. मोठ्या घोळक्याच्या मध्यभागी तर तो आणखी कितीतरी घटतो. आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठातले बर्ट ब्लोकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मध्य-मागच्या भागातल्या स्वाराला होणारा विरोध एकट्या स्वाराच्या अवघ्या ५ ते १० टक्के निघाला.

पण हा आडोसा वाऱ्याच्या दिशेने सरकतो. वारा समोरचा असेल तर तो बरोबर मागे मिळतो. वारा उजवीकडून आला तर आडोसा मागे-डावीकडे जातो. मग मागच्याने पुढच्याच्या मागच्या चाकाच्या डावीकडे, थोडं पुढे सरकून राहायचं. तिसऱ्याने दुसऱ्याच्या डावीकडे. अशी रस्त्यावर तिरकी फळी तयार होते. सायकलिंगमध्ये तिला एशलॉन म्हणतात. वाऱ्याच्या बाजूला पहिला, रस्त्याच्या दुसऱ्या कडेला शेवटचा.

फळी चालती ठेवायची तर पुढचा माणूस सारखा बदलावा लागतो. पुढे पोचलेल्याने वाऱ्याच्या बाजूला वळायचं, पायांचा जोर जरासा कमी करायचा आणि मागे सरकत यायचं. असे मागे येणाऱ्यांची एक रांग वाऱ्याच्या बाजूला, पुढे जाणाऱ्यांची दुसरी रांग त्यांच्या आडोशाला. मागे येणारे थकलेले असतात, तरी पुढे जाणाऱ्यांना तेच वाऱ्यापासून झाकतात. पुढे प्रत्येकाची पाळी काही सेकंदांची. कुणी आपल्या पाळीला जोरात सुटला तर मागे फट पडते. कुणी पाळीच घेतली नाही तर चक्र अडतं. चांगली फळी म्हणजे सगळ्यांनी सारखा वेग राखणं, आपली ताकद दाखवणं नव्हे. शर्यतीत एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले लोक इथे काही किलोमीटर एकाच चक्राचे भाग होतात. त्यात भलेपणापेक्षा व्यवहार जास्त असतो.

रस्ता संपतो तिथे

इथवर सगळं नीट आहे. अडचण अशी की फळी तिरकी असल्यामुळे तिला रुंदी लागते, आणि रुंदी रस्त्याइतकीच मिळते. आपल्याकडे दुपदरी रस्त्याची प्रमाण रुंदी सात मीटर धरतात. शर्यतीच्या सायकलचा हँडलबार ४०-४२ सेंटिमीटरचा, मागच्या-पुढच्याच्या मधलं अंतर धरून प्रत्येकाला रुंदीतले साठ-सत्तर सेंटिमीटर लागतात. संपूर्ण रस्ता बंद असेल तर दहा-अकरा जण मावतील. निम्मा रस्ता असेल तर पाच. त्यानंतर येणाऱ्याला तिरकं सरकायला जागाच उरत नाही. तो रस्त्याच्या कडेला, शेवटच्या माणसाच्या सरळ मागे राहतो, आणि तिथे आडोसा नसतो. दिसायला तो ग्रुपमध्ये आहे, प्रत्यक्षात एकटा आहे. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेल्याला हे लगेच कळेल.

आकड्यांत याचा अर्थ काय? फळीत बसलेल्याचा हवेचा विरोध साधारण ३५ टक्क्यांनी कमी धरला, तर त्याला २७१ ऐवजी १९०च्या आसपास वॉट पुरतात. कडेला लटकलेल्याला पूर्ण २७१. नियमित सराव करणारा हौशी सायकलस्वार तासभर २२०-२३० वॉट काढू शकतो असं समजू. फळीत तो टिकून राहील. कडेला तो काही मिनिटांत तुटेल. माणूस तोच, सायकल तीच, वेग तोच; फरक एका मीटरचा.

तो तुटला की त्याच्या मागच्यांची पंचाईत होते. त्याच्या आणि पुढच्याच्या मध्ये पडलेली फट आता मागच्याला भरून काढायची असते, तीही पुढच्या फळीपेक्षा जास्त वेगाने आणि एकट्याने. हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणून दहा मीटरची फट तीन-चार मिनिटांत शंभर मीटरची होते. पन्नास जणांचा घोळका अशा रीतीने दहा-बाराच्या तुकड्यांत मोडतो, आणि हे तुकडे सहसा पुन्हा जुळत नाहीत, कारण पुढे अदलाबदल सुरू असते आणि मागे प्रत्येक जण दमलेला असतो.

म्हणून जाणते लोक वाऱ्यात हल्ला करण्याची जागा आधी ठरवतात. ती जागा म्हणजे वळण. रस्ता वाऱ्याला समोर घेऊन चाललेला असताना घोळका एकत्र असतो, वेग कमी असतो, सगळे निवांत असतात. रस्ता वळतो, समोरचा वारा एकदम कुशीत येतो, आणि ज्यांनी वळणाच्या आधीच पुढच्या दहांत जागा घेतली होती ते फळी लावून जोर करतात. मार्व्याजवळचं दक्षिणेकडचं वळण नेमकं या जातीचं. तोवर वारा बव्हंशी समोर, नंतर आडवा. वळणानंतर पुढे जाऊ, असं म्हणणाऱ्याला नंतर संधी नसते.

मोठ्यांनीही हरवलेल्या जागा

जगातल्या सर्वांत अनुभवी संघांनाही हे चुकत नाही. १२ जुलै २०१३. तूर द फ्रान्सचा तेरावा टप्पा, तूर शहरापासून सेंत-आमाँ-माँत्राँपर्यंत, जवळजवळ सपाट. शेवटचे तीसेक किलोमीटर उरले असताना आल्बेर्तो काँतादोरच्या सॅक्सो-टिंकॉफ संघाने आडव्या वाऱ्यात एकदम जोर केला. पुढे गेलेल्या तुकडीत १४ जण होते. आघाडीवीराची पिवळी जर्सी घातलेला क्रिस फ्रूम काही मीटरनी मागे राहिला आणि सपाट रस्त्यावर १ मिनिट ९ सेकंद गमावून बसला. त्याच दिवशी एकूण क्रमवारीत दुसऱ्या स्थानी असलेल्या आलेहांद्रो बाल्वेर्देचं चाक नको त्या वेळी बिघडलं. वाऱ्यात एकदा सुटलेला घोळका त्याला पुन्हा गाठता आला नाही आणि त्याची सुमारे दहा मिनिटं गेली. २०२०च्या शर्यतीत लाव्होरच्या टप्प्यावर तादेय पोगाचार असाच मागच्या तुकडीत अडकला आणि १ मिनिट २१ सेकंदांनी मागे पडला. पुढे तो ती तूर जिंकला, पण एकूण फरक होता अवघ्या ५९ सेकंदांचा. वाऱ्यात गेलेला वेळ डोंगरात परत मिळवताना त्याला किती झगडावं लागलं असेल, ते या दोन आकड्यांत दिसतं.

हौशी मंडळींच्या दृष्टीने मात्र दक्षिण आफ्रिकेतलं केप टाउन जास्त जवळचं. तिथली केप टाउन सायकल टूर १९७८पासून होते. अंतर १०९ किलोमीटर, भाग घेणारे सुमारे ३५ हजार, आणि त्यातले बहुसंख्य आपल्यासारखेच नोकरी-धंदा सांभाळून सायकल चालवणारे. मार्ग एका द्वीपकल्पाभोवती फिरतो, म्हणजे कोणत्याही दिशेचा वारा कुठे ना कुठे आडवा पडतोच. तिथला आग्नेयेचा वारा प्रसिद्ध आहे. १२ मार्च २०१७ला त्याने सुरुवातीच्या रेषेजवळच माणसं आडवी केली. लोक सायकल जमिनीवर दाबून धरत होते, आणि ती हातातून पतंगासारखी उचलली जात होती. आयोजकांनी शर्यत रद्द केली. हजारो लोक महिनोन्‌महिने सराव करून आलेले असताना सकाळी सुरुवातीलाच ‘नाही’ म्हणायला धैर्य लागतं.

डच लोकांनी उलट केलं. झीलंड प्रांतात समुद्राचं पाणी अडवण्यासाठी बांधलेल्या ऑस्टरस्केल्डच्या बांधावर २०१३पासून समोरच्या वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धा घेतली जाते. तारीख आधी ठरलेली नसते. वारा किमान सातव्या श्रेणीचा असणार असा अंदाज आला की थोडेच दिवस आधी जाहीर करतात. अंतर साडेआठ किलोमीटर. सायकली आयोजकच देतात: सरळ बसायच्या, गियर नसलेल्या, पॅडल उलटं फिरवून ब्रेक लावायच्या. स्पर्धक एकेकटे वेळेविरुद्ध धावतात. वाऱ्यात शर्यत लावायची असेल तर घोळका टाळा, हा धडा त्यात मुद्दाम न सांगता आलाय.

एकट्याने वारा सोसण्याचा आपला अनुभवही मोठा आहे. अमेरिका ओलांडणाऱ्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’त कॅन्ससच्या सपाट प्रदेशातला आडवा वारा ही ठरलेली परीक्षा असते. २०१५मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती शर्यत नऊ दिवसांच्या मुदतीत पुरी केली. २०१७मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने केली. या शर्यतीत कुणाच्या आडोशाला राहायची मुभा नसते. तिथे फळी नाही, जागेची चढाओढ नाही, फक्त वॉट आणि संयम.

डावी बाजू

आता मढच्या रस्त्याकडे परत वळू, कारण इथे एक गोष्ट पुस्तकातल्या आकृतीत सापडत नाही. आपण डावीकडून चालतो.

मार्व्याहून मढकडे जाताना आपण रस्त्याच्या पूर्वेच्या कडेला असतो आणि वारा उजवीकडून. फळीचा पहिला माणूस रस्त्याच्या मधल्या रेषेजवळ आणि बाकीचे डावीकडे मागे. निम्म्या रस्त्यात पाच जण नीट मावतात. सहाव्याच्या वाट्याला कड येते, आणि आपल्या कडेला उभ्या गाड्या, खड्डे, गटाराची झाकणं, रिक्षा, वाळू असं काय काय असतं.

परतताना चित्र उलटतं. आपण पश्चिमेच्या कडेला, वारा डावीकडून. पहिला माणूस कडेला आणि फळी उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिशेने वाढत जाते. आडोसा नेमका तिथे आहे जिथे समोरून मालाड स्टेशनहून निघालेली बेस्टची बस येतेय. वाहता रस्ता असेल तर परतीला दोघा-तिघांपेक्षा मोठी फळी लावायचीच नाही. हा शौर्याचा प्रश्न नाही, भूमितीचा आहे. शर्यतीच्या ईर्ष्येने आडोसा शोधत पाय आपोआप उजवीकडे सरकतात, म्हणून हे आधी ठरवून निघावं लागतं.

दुसरा धोका झोताचा. मढच्या रस्त्यावर वारा सलग लागत नाही. बंगल्यांच्या भिंती, नारळ-ताडाच्या वाड्या, वस्ती यांच्या आड तो गायब होतो. अक्सा-दाणापाणीसारख्या उघड्या जागी तो एकदम अंगावर येतो. वाऱ्यात सायकलस्वार नकळत वाऱ्याकडे कलून चालवतो. भिंत आली, वारा थांबला की तो कल त्याला वाऱ्याच्या दिशेने फेकतो. जाताना ही फेक उजवीकडे, रहदारीत जाते. येताना भिंत संपते तेव्हा झोत त्याला उजवीकडे ढकलतो. म्हणजे जाताना धोका वारा पडल्यावर, येताना वारा लागल्यावर. दोन्ही वेळा सायकल रस्त्याच्या मध्याकडे जाते. जवळून ओलांडणारी बसही हेच करते. जाताना ती क्षणभर वारा अडवते आणि पुढे गेली की झोत पुन्हा आदळतो.

यावर उपाय साधे आहेत. हँडलबार घट्ट आवळायचा नाही. कोपर सैल, हात खालच्या वळणावर, अंग खाली. भिंतीच्या टोकाकडे आणि मोकळ्या जागेकडे आधीच लक्ष ठेवायचं. पुढच्या चाकाची रिम उथळ असावी. ५०-६० मिलिमीटर खोल रिमा शांत हवेत वेग देतात, पण बाजूच्या झोतात पुढचं चाक वळवतात, आणि स्वार हलक्या वजनाचा असेल तर जास्तच. हवाईतल्या कोना इथल्या जगप्रसिद्ध आयर्नमॅन शर्यतीत वाऱ्यापायी भरीव चकती-चाकांना मुळातच बंदी आहे.

आयोजकांसाठीही यात पुरेसे धडे आहेत. रस्ता दोन्ही बाजूंनी बंद मिळत नसेल तर किनाऱ्याच्या रस्त्यावर घोळक्याची शर्यत घेऊ नये. डच मंडळींसारखी एकेकट्याची, वेळेविरुद्धची घ्यावी. रस्ता बंद मिळाला तर वाऱ्याचा किती वेग झाल्यावर शर्यत थांबवायची, तो आकडा आदल्या दिवशी लिहून जाहीर करावा. सकाळी जमलेल्या गर्दीसमोर तो ठरवायला गेलं की तो नेहमी वर सरकतो. शेवटची रेषा मोकळ्या, आडव्या वाऱ्याच्या पट्ट्यात आखू नये. वेगाने तिरके धावणारे वीस जण आणि सात मीटर यांचा हिशेब आपण वर केलाच आहे.

दुसरी फळी

आणि शेवटी, जो मागे पडला त्याच्यासाठी. हौशी शर्यतीत बहुसंख्य लोक पुढच्या फळीत नसतात, नसणारच. रस्त्याची रुंदीच तशी आहे. तरी जवळजवळ प्रत्येक जण तीच चूक करतो. कडेला लटकून, दात-ओठ खात, पुढच्या फळीच्या शेपटीला धरून राहायचा प्रयत्न करतो. त्याच्या मागे आणखी पंधरा जण तेच करत असतात. पंधराही जण २७१ वॉट खर्च करत, एकामागे एक, कुणालाच आडोसा नसलेल्या एका लांब सरळ रांगेत जातात.

अकराव्या माणसाकडे दुसरा मार्ग असतो. त्याने कड सोडावी, वाऱ्याच्या बाजूला रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जावं आणि मागच्यांना हाताने बोलवावं. काही सेकंद तोटा होतो, पुढची फळी वीसेक मीटर जाते. पण लगेच नवी फळी उभी राहते आणि त्यातल्या प्रत्येकाचा खर्च १९०वर येतो. पुढच्यांची अदलाबदल बिघडली, रस्ता वळला, वारा पडला, तर ही दुसरी फळी पहिलीला गाठू शकते. लटकलेल्यांची रांग कधीच गाठत नाही. शर्यतीनंतर लोक पहिल्या तिघांची नावं विचारतात. त्या दिवशी वाऱ्याचं गणित कुणाला कळलं हे जाणून घ्यायचं असेल, तर दुसरी फळी कुणी सुरू केली ते विचारावं.